घोषणाबाईंचा आवाज

आमच्या समोरच्या खोलीतल्या बाईंना सगळे घोषणाबाईच म्हणायचे. एकवीस वर्षं त्यांनी बसस्थानकावर माईकसमोर बसून गाड्या सांगितल्या. आवाज असा, की गाडी दोन तास उशिरा आहे हे ऐकूनही माणूस फारसा चिडत नसे. पुढे तिथलं सगळं यंत्रावर गेलं आणि बाई घरी बसल्या.

त्याच सुमारास शहराच्या कचेरीतून बोलावणं आलं. एका बंद खोलीत तीन दिवस त्यांच्याकडून वाक्यं वाचून घेतली. "कृपया इथे थांबू नका." "आपलं सामान उचला." हे कशासाठी, असं बाईंनी विचारलंही. "लोकांच्या सोयीसाठी," असं सांगून साहेबांनी सही घेतली.

दोन महिन्यांनी चौकात ड्रोन आले. ते भोंग्यासारखे ओरडत नसत. एका माणसाला हेरायचे, त्याच्या डोक्यापासून हातभर वर येऊन थांबायचे आणि आवाजाचा झोत फक्त त्याच्यावर सोडायचे. शेजारी उभ्या असलेल्याला काही म्हणजे काही ऐकू येत नसे. माणूस सरकला की ड्रोनही सरकायचा.

बाईंची थोरली बहीण त्याच चौकात भिंतीलगत टेबल लावून कपड्यांना इस्त्री करायची. एका दुपारी ती आली ती दारातच उभी राहिली.

"तू मला तिथून उठवतेस?"

"मी? मी कुठे गं, ताई?"

"सकाळपासून कानात तूच आहेस. 'आपलं सामान उचला.' गिऱ्हाइकाला काही ऐकू येत नाही. मी एकटीच ओरडते, गप्प बस म्हणून. लोकांना वाटतं, हिचं डोकं फिरलंय." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "वाचायला मी शिकवलं होतं तुला."

दुसऱ्या दिवशी बाई कचेरीत गेल्या. सोबत मी होते. कारकुनानं सहीचा कागद काढून दाखवला. "आवाज आता आमचा आहे, बाई. आणि तक्रार कसली? किती गोड वाटतो!"

तिथून बाई तडक चौकात गेल्या आणि ताईच्या आणि ड्रोनच्या मध्ये उभ्या राहिल्या. ड्रोन डावीकडे सरकला, बाईही सरकल्या. तो उजवीकडे गेला, त्या तिकडे धावल्या. पन्नाशीच्या बाईला टेबलाभोवती असं फिरताना पाहून पोरंसोरं हसायला लागली. शेवटी ड्रोन त्यांच्याकडेच वळला. बाई जागच्या जागी थिजल्या. मला काहीच ऐकू आलं नाही.

घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "त्यात राग नव्हता हो कुठे. अगदी मायेनं म्हटलं होतं मी ते."

आठवडाभरात ताईनं टेबल उचललं आणि ती एका तळघरातल्या लाँड्रीत कामाला लागली. इकडे औषधाच्या दुकानात कुणीतरी बाईंचा आवाज ओळखला. "ती तुम्हीच का?" एवढंच त्यानं विचारलं. तेव्हापासून बाई चिठ्ठी लिहून नेतात. बाहेर बोलत नाहीत, घरातही फारसं नाही.

ताई महिन्यातून एकदा येते. दोघी भाजी निवडत बसतात. ताई बोलते, बाई मान हलवतात. परवा मी चहा घेऊन गेले तेव्हा ताई म्हणत होती, "अगं, नुसतं हो तरी म्हण."

"हो," बाई म्हणाल्या.

ताई दचकली. लगेच हसून तिनं सावरून घेतलं, पण बाईंनी ते पाहिलं होतं.