माणक्या-पाखऱ्याची खांदेमळण

नवऱ्याला मी तोंडावर कधी नावानं हाक मारत नाही, सासूबाई जवळपास असतात. पण लिहिताना मारणार आहे. त्याच्याबद्दल लिहायचं आणि वर अहो-जाहोही करायचं, एवढा सोशिक स्वभाव माझा नाही. तर बहिरू. वय पंचेचाळीस, राहणार मखमलाबाद, धंदा फुलांचा, आणि डोकं कायम कुठल्यातरी उघड्या कॉम्प्युटरच्या पोटात.

सकाळी हा गंगापूर रोडच्या बंगल्यांमध्ये देवाच्या फुलांच्या पुड्या टाकायला जातो. इतर फुलवाले पुडी टाकतात आणि पुढे जातात. आमचा बेल वाजवतो आणि विचारतो, "काकू, घरात एखादा बंद पडलेला कॉम्प्युटर आहे का?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा एका काकूंनी घाबरून दार लावून घेतलं होतं. आता त्याच काकू अख्ख्या सोसायटीत फोन करून गोळा करून ठेवतात. मुलं परदेशी गेली की त्यांची गेम खेळायची मोठमोठी मशिनं माळ्यावर धूळ खात पडतात. ती आमच्या टेम्पोत, झेंडूच्या रिकाम्या क्रेटांमध्ये बसून घरी येतात.

मग त्यांचे लाड सुरू. पंख्यांमधली धूळ दाढीच्या ब्रशनं झाडायची, वाळलेली पेस्ट खरवडून नवीन लावायची, फुगलेले कपॅसिटर बदलायचे. एकदा एक ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरची चित्रं काढणारा भाग, काही केल्या जागं होईना, तेव्हा त्यानं ते माझ्या केकच्या ओव्हनमध्ये आठ मिनिटं भाजलं. आतले सुटलेले टाके गरम होऊन परत चिकटतात म्हणे. कार्ड उठलं, ओव्हन गेला. म्हणजे चालतो, पण त्यात काही भाजून खायची आता माझी हिंमत नाही. मी दोन दिवस बोलले नव्हते. त्या दोन दिवसांत त्यानं दुसरं कार्डही भाजून घेतलं.

तीच ती जोडी. दोन कार्डं, रंगानं, वजनानं, वयानं सारखी, दहा वर्षांपूर्वी लोक ज्यांच्यासाठी वेडे व्हायचे तसली. बहिरूनं ती एकाच मशिनात शेजारी-शेजारी बसवली आणि नावं ठेवली माणक्या आणि पाखऱ्या.

ही नावं आमच्या बैलांची होती. सात वर्षांपूर्वी ट्रॅक्टर आला आणि मोठ्या दिरांनी, भारतदादांनी, बैलजोडी विकली. विकणारे तेच, पण त्या दिवशी जेवले नाहीत तेही तेच. त्यानंतर दादांच्या तोंडून ती नावं मी कधी ऐकली नाहीत. बैलांचं लाकडी जू तेवढं फुलं पॅक करायच्या खोलीत खिळ्याला टांगलेलं राहिलं, आणि त्याच खोलीत बहिरूनं आपलं टेबल मांडलं.

सासूबाईंना, म्हणजे ठमाबाईंना, त्यानं हे कार्डांचं प्रकरण अगदी नीट समजावून सांगितलं होतं. दोन्ही कार्डांच्या डोक्यावर एक बोटभर पट्टी बसते, तिला ब्रिज म्हणतात. "आई, हे जू," बहिरू म्हणाला. "हे ठेवलं की दोघं मिळून ओढतात."

"मग बैलच की," सासूबाई म्हणाल्या. तेव्हापासून दर पोळ्याला मातीच्या बैलांशेजारी त्या डब्यालाही हळदकुंकू, झेंडूची माळ आणि नैवेद्य सुरू झाला.

आता खरं सांगायचं तर ही जोडी मिळून काही ओढत नव्हती. गेममध्ये एक चित्र यानं काढायचं, पुढचं त्यानं. एक जरा मागं पडलं की पडद्यावर हिसका. तीस रात्री जागून बहिरूनं सेटिंग बदलली, हिसके जाईनात. गेम बनवणाऱ्यांनी दोन कार्डांचा नादच सोडला, नव्या कार्डांवर तर ती पट्टी बसवायला जागासुद्धा ठेवत नाहीत. हे सगळं त्यानंच मला सांगितलं, आणि सांगून झाल्यावर म्हणाला, "पण दोनाचं भविष्य आहे गं. माझं मन सांगतं." मी म्हणाले, "तुमचं मन मला ओव्हनबद्दलही काहीतरी सांगत होतं."

दादांना मात्र हे कौतुक नव्हतं. त्यांना ती खोली गुलाबाच्या पेट्यांसाठी थंड करून घ्यायची होती. यंदा श्रावण लागला तेव्हा त्यांनी जेवताना सांगून टाकलं, "बहिरू, पोळ्यापर्यंत तुझ्या त्या डब्यांनी घरातल्या एका तरी माणसाच्या कामाचं एक तरी काम करून दाखवावं. केलं तर खोली तुझी. नाहीतर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिस्तरी येईल, आणि डबे भंगारात."

"चालेल," बहिरू म्हणाला आणि आणखी एक भाकरी घेतली. मी मात्र हातातला घास ताटात परत ठेवला. ती खोली गेली तर हा माणूस सकाळी फुलं टाकून येईल आणि संध्याकाळपर्यंत भिंतीकडे बघत बसेल, हे मला दिसत होतं. चिडते मी त्याच्यावर, पण तसा बघायचा नाही मला तो.

काम चालून आलं ते दादांच्याच मुलीच्या रूपानं. सृष्टी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिनं नाशिकसाठी नव्या फूलबाजाराची इमारत काढली होती आणि त्या इमारतीत फिरून आल्यासारखी चाळीस सेकंदांची फिल्म तिला पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत कॉलेजला पाठवायची होती. चाळीस सेकंदांची म्हणजे एक हजार चित्रं, आणि प्रत्येक चित्र मशिननं ऊन-सावलीसकट स्वतः काढायचं. तिचा लॅपटॉप म्हणत होता, चार दिवस लागतील.

"काका, तुझी जोडी करेल?"

"करेल म्हणजे? पळेल!"

पळाली नाही. आठवडाभर बहिरूनं नमुन्याची चित्रं काढून बघितली. माणक्या एकटा राबायचा, पाखऱ्या उभा. एका चित्राला एक मिनिट. हजार चित्रांना जवळजवळ सतरा तास. सृष्टीचं इमारतीच्या आराखड्याचं काम पोळ्याच्या सकाळी सातला संपणार होतं आणि पाचला तर दार बंद. बहिरू पट्टी काढायचा, पुसायचा, परत बसवायचा. "जू नीट बसत नाहीये," एवढंच म्हणायचा. मशिनची बाजूची फळी त्यानं काढून ठेवली ती आठ दिवस तशीच.

पोळ्याच्या आदल्या दिवशी फुलांना गिऱ्हाईक भारी असतं. संध्याकाळी मी आणि बहिरू बाजारात होतो, घरी सासूबाई एकट्या. ही संध्याकाळ खांदेमळणीची. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा सोललेला असतो, म्हणून तो तूप-हळदीनं चोळायचा आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. सासूबाईंनी मातीच्या बैलांचे खांदे चोळले. मग वळून बघतात तर यंदा दुसऱ्या जोडीचं पोटही उघडं. जू कुठं बसतं ते लेकानं दाखवलेलंच होतं.

त्यांनी जू काढलं, जिथं ते बसतं ती जागा दोन्ही कार्डांची तूप-हळदीनं चांगली चोळली, जूही चोळलं, आणि म्हणाल्या असतील, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

सकाळी सातला सृष्टी पेनड्राइव्ह घेऊन खोलीत आली. बहिरूनं मशिनमध्ये हात घातला आणि बाहेर काढला तो पिवळा. हुंगला. साजूक.

मला आधी हसू फुटलं. मग त्याचं तोंड बघितलं आणि थांबलं. पट्टीच्या बारीक खाचांमध्ये हळद घट्ट बसली होती. त्यानं स्पिरिटनं पुसली, टाचणीनं कोरली, परत लावली. मशीन सुरू झालं, पण पट्टी आहे हेच मशिनला कळेना. बहिरू स्टुलावर बसला, पट्टी तळहातावर घेऊन.

"नऊ तास पन्नास मिनिटं राहिलीत, काका," सृष्टी म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

दारात सासूबाई उभ्या. "काय झालं? तूप गायीचं व्हतं."

"काही नाही, आई," बहिरू म्हणाला. आईला तो एक शब्द बोलला नाही. तेवढ्यासाठी या माणसाला सात ओव्हन माफ.

पण मला राहवेना. "जू नाही म्हणून बैल मेलेत का?" मी म्हणाले. "झेंडू तोडायला दहा बायका लावते मी. कुणाला कुणाशी बांधते का? हिनं ही ओळ घ्यायची, तिनं ती. तुम्ही यांना बांधायलाच का जाता?"

बहिरूनं माझ्याकडे बघितलं. आमच्या लग्नातसुद्धा त्यानं माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. मग तो मशिनकडे वळला, पट्टी बाजूला ठेवली आणि सेटिंगमधला जोडीचा पर्याय बंद केला. सृष्टीनं तिचं सॉफ्टवेअर उघडलं. आठवडाभर जिथं एकच नाव दिसत होतं तिथं आता एकाखाली एक दोन नावं होती, दोन्हींसमोर रिकामा चौकोन. तिनं दोन्हीत टिक केली. पहिलं चित्र माणक्यानं घेतलं, दुसरं पाखऱ्यानं. मिनिटभरात दोन्ही तयार!

"बांधलेले होते म्हणून दुसरा दिसतच नव्हता!" बहिरू ओरडला. "गेममध्ये पावलाला पाऊल लागतं, म्हणून तिथं बांधायचं. इथं कशाला? ज्यानं त्यानं आपलं चित्र काढावं! चार बसवा, आठ बसवा!" त्यानं सृष्टीला गरकन फिरवलं, मग मला, आणि माझा पदर पंख्यात जाता-जाता वाचला. सृष्टीनं तोंडी हिशोब केला. आठ तास वीस मिनिटं. आत्ता आठ वाजत होते. पाचला चाळीस मिनिटं राखून जमत होतं.

"बंद कर," सासूबाई म्हणाल्या.

आम्ही तिघं वळलो.

"आज पोळा हाय. पोळ्याला बैलाला कामाला लावत नाय कुणी. तुझ्या बापानं कधी लावलं नाय."

आता बोला! सात वर्षं त्यानंच आईला पटवलं होतं की हे बैल आहेत. आता कुठल्या तोंडानं सांगणार की हे लोखंड आहे? सासूबाई एकदा नाही म्हणाल्या की नाही, त्या बटणाच्या दिशेनं निघाल्यासुद्धा.

सृष्टी मध्ये आली. "आजी, बघ. जू आहे का त्यांच्यावर?"

सासूबाईंनी वाकून बघितलं. "नाय."

"मग काम कुठं करतायत? पोळ्याला बैल मिरवायला नेतात ना? मी नवीन फूलबाजार बांधलाय. हे त्यातून मिरवतायत. वेशीतून आत जाणार, ओट्यांमधून फिरणार, मागच्या दारानं बाहेर. संध्याकाळी तुला दाखवते."

सासूबाईंनी पडद्यावरची कमान निरखली. "वेस चांगली काढलीस," त्या म्हणाल्या. "मग माळा तरी घाला पोरांना. अशी बोडकी मिरवतात व्हय?" माळ आम्ही पंख्यापासून लांब, टेबलाला घातली. तेवढी अक्कल होती.

दुपारी दोनला माणक्या तापला. पंखे किंचाळायला लागले, तिसऱ्या मिनिटाला पडद्यावरचा उष्णतेचा आकडा लाल झाला. बहिरू पुठ्ठ्यानं वारा घालत होता, मी सुपानं. पुरण शिजवून मी आधीच घामानं भिजले होते. तेवढ्यात मागून जोराचा वारा आला. दारात भारतदादा, आणि त्यांच्यापुढे गुलाबाच्या शेडमधला तो मोठा उभा पंखा. त्यांनी पंख्याचं तोंड मशिनकडे केलं, वेग पूर्ण केला आणि तिथंच भिंतीला टेकून उभे राहिले. लाल आकडा हळूहळू उतरला. दादा मात्र गेले नाहीत. साडेसातशे, आठशे, साडेआठशे, चित्रांचा आकडा वाढेल तशी त्यांची मान पुढं येत होती. नऊशेला ते आमच्यात येऊन बसले. नऊशे नव्वदला चौघं मिळून मोठ्यानं मोजत होतो, आणि दारातून सासूबाई आकडे चुकत-चुकत मोजत होत्या.

चार वाजून बावीस मिनिटांनी हजार झाले. चार चव्वेचाळीसला फिल्म कॉलेजला पोहोचली. सृष्टीनं बहिरूच्या गळ्यात हात टाकले आणि हमसून रडली, आणि मीही रडले, उगाच, पुरणाचे हात तसेच.

मग सासूबाईंना टीव्हीवर फिल्म दाखवली. वेशीतून आत, उन्हाच्या पट्ट्यांमधून, ओट्यांवरच्या झेंडूच्या राशींजवळून, मागच्या दारानं बाहेर. चाळीस सेकंद. त्यांनी चार वेळा लावायला लावली आणि प्रत्येक वेळी वेशीपाशी हात जोडले.

बहिरू खोलीत गेला. ती पिवळी पट्टी त्यानं भिंतीवरच्या लाकडी जुवाच्या खिळ्याला अडकवली. मी नैवेद्याचं ताट घेऊन आत गेले तर दादा माझ्या मागून आले आणि त्यांनी ताट माझ्या हातातून घेतलं. ताटात एकच पुरणपोळी होती. दर वर्षी डब्यासमोर एकच ठेवतो.

"आणखी एक आण," दादा म्हणाले. "एका ताटात कशाला बांधायचं त्यांना?"

मी दुसरी आणली. त्यांनी दोन्ही पोळ्या दोन कार्डांच्या समोर वेगवेगळ्या ठेवल्या, वर तूप सोडलं. मग मिस्तरीला नको म्हणून सांगायचंय, असं बहिरूला म्हणाले, पण बघत होते कार्डांकडेच.

"घे, माणक्या," दादा म्हणाले. "पाखऱ्या, तूही घे."