इंजिन तापलंय

औरादला माझी पिठाची गिरणी आहे. समोर ट्रक लावणारा एक ड्रायव्हर नेहमी एका दिवसापुरतीच ज्वारी दळून नेतो. "अक्का, शिळ्या पिठाची भाकर चिरती," म्हणतो. ढाब्याची पायरी तो चढत नाही. ट्रकच्या आडोशाला स्टोव्ह पेटवून भाकरी थापतो आणि अंबाडीच्या भाजीवर करडईच्या तेलात लसणाची फोडणी घालतो. ट्रकमालकांचा फोन हटकून तेव्हाच येतो. याचं उत्तर ठरलेलं: "इंजिन तापलंय मालक, थंड व्हायलंय." तापलेला असतो तवा.

मागच्या महिन्यात एकदा मालक स्वतःच जीपमधून उतरले.

"हे व्हय रं तुझं इंजिन? उद्यापासून गाडीवर येऊ नकोस!"

"व्हय मालक," तो म्हणाला. "पर ही तेवढी फुगू द्या."

भाकर फुगली. त्याने ती मालकांच्या हातात दिली आणि वर अंबाडी वाढली. मालकांनी उभ्या उभ्याच तीन खाल्ल्या. पीठ संपलं. तो त्या दिवशी नुसती भाजी खाऊन गाडीवर चढला. त्याला कुणी अडवलं नाही.

हल्ली तो दुप्पट ज्वारी दळून नेतो. मालकांचा फोन अजूनही येतो.

"तापलं का रं इंजिन? मी निघालोय."