हिरवा हापसा

बीडच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात पोरं म्हणतात, लुबना शेख मॅडमना हसणारी माणसं खपत नाहीत. खोटं आहे ते. मॅडम फक्त दात बघतात.

जमीन आणि पाणी हा त्यांचा विषय. वडील इसाकभाई पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. म्हणायचे, "एकदा चालली म्हणून गिऱ्हाइकाच्या हातात देऊ नको, बेटा. दुसऱ्यांदा चालवून बघ." लुबनानं हे शंभरदा ऐकलं आणि एका जागी विसरली.

ती जागा या मार्चात वर्गात समोर येऊन बसली. संस्कृती नाव. बोलकी पोरगी, पण हसताना ओढणी तोंडावर.

"गाव कोणतं गं तुझं?"

"नेकनूरच्या पुढं वाडी हाय, मॅडम. आमचा हापसा तुमीच रंगवला होता की, हिरवा! आजी अजून सांगती, शिकलेल्या पोरीनं पास केलेलं पाणी हाय."

बोलता बोलता ओढणी घसरली. पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे.

पंधरा वर्षांमागं प्रबंधासाठी लुबना गावोगाव हापसे तपासत फिरली होती. पाणी पिण्याजोगं असेल तर हिरवा रंग, नसेल तर लाल. वाडीचा नमुना घेतला तो चार दिवसांच्या झडीनंतर. पावसानं जमिनीतलं फ्लोराइड पातळ झालेलं, आकडा चांगला आला. उन्हाळ्यात पुन्हा तपासायचं होतं. प्रबंधाची तारीख आली, राहून गेलं. तेव्हा संस्कृती तीन वर्षांची होती.

त्याच आठवड्यात मॅडमनी वाडीचं पाणी आणून तपासलं. दोनदा. फ्लोराइड मर्यादेच्या दुपटीहून जास्त. तेव्हापासून बसस्टँडवर, फळाच्या गाड्यावर, कुणीही खळखळून हसलं की त्यांची नजर आधी दातांवर जाई : याच्या गावचा हापसा मीच तर रंगवला नसेल?

रविवारी मॅडम लाल रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन वाडीत उतरल्या. संस्कृतीची आजी, छबुबाई, हापश्यावरच होती. कडेवर तीन वर्षांची धाकटी नात.

"लाल? कावून गं पोरी? पाणी तर गोड हाय."

"गोडच लागतं, आजी. पण पोरांचे दात त्यानंच खराब झालेत. पुढं हाडंही धरतील."

"मी उकळून पाजलंय! दर पावसाळ्यात, चुलीवर, हात भाजून!"

लुबनाला खोटं बोलता आलं असतं.

"उकळल्यानं ते जात नाही, आजी. उलट दाट होतं."

छबुबाई नातीच्या तोंडाकडं बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "तवा कोण चुकलं?"

"मशीन..." लुबनाच्या तोंडून निघून गेलं. मग तिनं डबा खाली ठेवला. "नाही. मी चुकले. दुसऱ्यांदा यायचं होतं, आले नाही."

"आमचा आड हुता चांगला. तुझा हिरवा रंग बघून सोडला. आता त्यात बाभळी उगवल्यात."

"आड उपसून घेऊ. दर महिन्याला तपासायला मी स्वतः येईन. तोवर बारकीला हे पाणी देऊ नका. शाळेच्या टाकीतलं आणा, ते मी तपासलंय."

"किती येळा?"

"दोनदा."

छबुबाईनं ब्रश हिसकून घेतला. "आण इकडं. तुझ्या हातचा रंग आता न्हाई पटायचा कुणाला." आणि तिनंच हापश्याच्या मानेवर वेडावाकडा लाल पट्टा ओढला. "चल आता. अकरा घरं हायती. माझ्यासमोर बोललीस तसंच प्रत्येक दारात बोलायचं."

पहिलं दार भिवराबाईचं. दारात पाहुणी बघताच तिनं रीतीप्रमाणं आधी तांब्या-पेला पुढं केला. "मॅडम! लई दिसांनी! घ्या, पाणी घ्या. तुमच्याच हापश्याचं हाय."

आत दोन लेकरं खेळत होती, मोठ्यानं हसत होती. लुबनाचा हात पेल्याला लागला आणि तिथंच थांबला. परत द्यावा तर घराचा अपमान, प्यावा तर पुढं तोंड कसं उघडायचं?

छबुबाईनं मागून कोपर मारलं.

"पिऊ नगंस. बोल आधी."