टाकीतलं पाणी

मुकुंद कीर्तने यांचा जन्म कोलकात्याचा. वडील बजबजच्या ज्यूट मिलमध्ये फिटर होते. तिथेच मुकुंदरावांच्या हाताला पाना आणि तोंडाला बंगाली लागली. घरात मराठी, बाहेर बंगाली, अशी त्यांची बासष्ट वर्षं गेली. डमडमच्या एका गल्लीत त्यांचं लहानसं दुकान आहे. गवत कापायची यंत्रं, फवारणीचे पंप, झुडपं छाटायची मशिनं, अशी बागेतली लहान इंजिनं ते दुरुस्त करतात. मोटारसायकल आणली कुणी, तर पुढच्या चौकात पाठवतात.

गेल्या फाल्गुनात त्यांच्या पत्नी प्रतिभाताई गेल्या. भात लावला होता, कुकरची दुसरी शिट्टी झाली आणि त्या ओट्याशीच खाली बसल्या. पुन्हा बोलल्या नाहीत. तीन दिवस हॉस्पिटल, चौथ्या दिवशी स्मशान. विद्युतदाहिनीचं दार उघडताना घासत होतं. बिजागरीला तेल हवंय, असं मुकुंदरावांच्या मनात आलं, आणि त्या दिवसाबद्दल तेवढंच त्यांना नीट आठवतं.

पुण्याहून मुलगी आली, आरती. पंधरा दिवस राहिली. "बाबा, रडा हो एकदा," ती म्हणाली. मुकुंदराव म्हणाले, "येत नाहीये गं." ते खोटं नव्हतं. महाराष्ट्र मंडळातली माणसं म्हणाली, कीर्तने खंबीर आहेत. ते खंबीर नव्हते. जेवण समोर आलं की जेवायचे, अंधार झाला की झोपायचे. हात कामाला सरावलेले होते, म्हणून दुकान चालू राहिलं. बोलणं मात्र आटत गेलं. एखादं वाक्य मनात तयार व्हायचं, पण ते ओठांपर्यंत आणायचं म्हणजे जड पेटी जिन्यावरून वर चढवल्यासारखं वाटायचं. मग ते राहूनच जायचं.

दुर्गापूजा संपल्यावर न्यू टाउनच्या एका सोसायटीतून फोन आला. सेक्रेटरी हर्षद देवस्थळी, आयटीतला, मूळचा नागपूरचा.

"काका, आमचं लॉन मॉवर सुरूच होत नाहीये. पाइपलाइनसाठी जूनपासून लॉन खणलेलं होतं, मशीन तसंच उभं होतं. आता गवत गुडघ्याएवढं झालंय."

मुकुंदराव गेले. जिन्याखालच्या उघड्या खणात मॉवर उभं होतं. सोसायटीचे माळी निमाई मंडल तिथेच होते. पन्नाशीचा, सडपातळ माणूस, आठ वर्षं तीच बाग सांभाळणारा. त्यांनी दोरी ओढून दाखवली. इंजिन एकदा खोकलं आणि गप्प झालं.

मुकुंदरावांनी नळी काढली आणि टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत उतरवलं. बाटली उन्हात धरली. वर पिवळसर पेट्रोल आणि खाली, पाचव्या हिश्श्याएवढा, वेगळा, पाण्यासारखा थर.

"पाणी!" हर्षद म्हणाला. मग निमाईंकडे वळून हिंदीत म्हणाला, "जूनमध्ये टाकी तूच भरलीस ना? पेट्रोल काढून घेतलंस आणि पाणी ओतलंस?"

"नाही बाबू. मी भरली आणि झाकण लावलं. नंतर हातसुद्धा लावला नाही."

"मग पाणी काय आभाळातून पडलं?"

निमाईंनी मुकुंदरावांकडे पाहिलं.

मुकुंदरावांना ठाऊक होतं. गेल्या दोन वर्षांत अशी पंधरा-वीस यंत्रं त्यांनी उघडली होती. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा पितं. गाडीचं पेट्रोल आठवड्यात संपतं, म्हणून तिथे हे कळत नाही. पण अर्धवट बंद टाकीत, कोलकात्याच्या पावसाळ्यात, चार महिने पडून राहिलं की ते पोटभर पाणी पितं आणि पेट्रोलला सोडून तळाशी बसतं. इंजिन तळातूनच ओढतं. हे सगळं दोन मिनिटांत सांगता आलं असतं.

ते म्हणाले, "खाली थर बसलाय. कार्ब्युरेटर उघडायला लागेल. दुकानात नेतो."

एवढंच. बाटलीला बूच लावलं, यंत्र टेंपोत चढवलं आणि ते निघाले. वाटेत आपलं काही राहून गेलंय असं त्यांना वाटलंही नाही.

पाचव्या दिवशी सकाळी निमाई दुकानात आले. बाकावर बसले नाहीत.

"दादा, मी पाणी भरलं असं तुम्ही त्यांना सांगितलंत?"

"नाही."

"मग काय सांगितलंत?"

"काहीच नाही सांगितलं."

"सेक्रेटरीबाबू म्हणतात, मेकॅनिकने स्वतः पाणी काढून दाखवलं. मला दुसऱ्या दिवशी काढून टाकलं. सोसायटीच्या ग्रुपवर माझा फोटो टाकलाय. माझी मुलगी पलीकडच्या टॉवरमध्ये मुलं सांभाळते. तिला लोक विचारतात."

मुकुंदराव हातातला कार्ब्युरेटरचा जेट पुसत राहिले.

"ते पाणी कुठून आलं, तुम्हाला माहीत होतं का?" निमाईंनी विचारलं.

"हो."

निमाई दाराकडे वळले. मग म्हणाले, "वहिनी गेल्या असं ऐकलं. म्हणून मी काही बोलत नाही. नाहीतर आज तुम्हाला सोडलं नसतं." आणि ते गेले.

मुकुंदराव स्टुलावर बसले. लाज वाटायला हवी, हे त्यांना कळत होतं. वाटत नव्हती. छातीत काही हलेल म्हणून त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. काही हललं नाही. पण प्रतिभाच्या नावावर एका माणसाने आपल्याला माफी दिली आणि आपण ती खाली मान घालून घेतली, ही गोष्ट सरळ नाही, एवढं मात्र त्यांना स्पष्ट दिसलं. वाटेल तेव्हा वाटेल. काम आधी करायला हवं.

त्यांनी हर्षदला फोन केला. "उद्या सकाळी येतो. कमिटीच्या लोकांना खाली बोलवा. निमाईवर जे आलंय, त्याबद्दल आहे."

दुसऱ्या दिवशी लॉनच्या कडेला हर्षद आणि कमिटीतली आणखी दोघं उभी होती. मुकुंदरावांनी जमिनीवर दोन स्टीलच्या बशा ठेवल्या. एकीत नळाचं पाणी घातलं. दुसरीत, सिरिंजने त्या दिवशीच्या बाटलीच्या तळातला थर ओढून घातला.

"हेच ते पाणी," ते म्हणाले आणि काडी ओढून पहिल्या बशीत टाकली. ती चुर्र करून विझली. मग लांबूनच दुसरी काडी दुसऱ्या बशीत टाकली.

उन्हात ज्वाळा नीट दिसेना. फक्त बशीवरची हवा थरथरत होती. मुकुंदरावांनी चिमट्याने एक वाळकं पान वर धरलं. पान काळं पडून पेटलं.

"जळतंय की हे!" एक बाई म्हणाल्या.

"कुणी नळाखाली भरलेलं पाणी असतं तर जळलं असतं का? हे बहुतेक सगळं इथेनॉल आहे. पेट्रोलमध्ये मिसळून येतं ते. त्याने हवेतला ओलावा ओढला आणि तो घेऊन खाली बसलं." मग त्यांनी पंपावरून आणलेल्या ताज्या पेट्रोलच्या बाटलीत दोन चमचे पाणी घालून हलवलं आणि बाटली कठड्यावर ठेवली. थोड्या वेळाने तळाशी पाच-सहा चमच्यांएवढा थर जमला. "मी दोन चमचे घातले. बाकीचं त्यानेच खाली आणलं." शेवटी त्यांनी टाकीचं झाकण हर्षदच्या हातात दिलं. आतलं रबर तडकलेलं होतं. "इथून चार महिने दमट हवा आत जात होती."

हर्षद झाकण उलटसुलट करत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "काका, हे तुम्हाला त्या दिवशीच माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

मुकुंदरावांनी कारण शोधलं. बायको गेली, हे कारण तयार होतं. ते त्यांनी वापरलं नाही. "बोलायला हवं होतं. नाही बोललो. तुमचीही चूक आहे. तुम्ही विचारलं नाहीत. पण माझी आधी."

हर्षदने तिथेच उभं राहून ग्रुपवर लिहिलं की निमाईंनी चोरी केलेली नाही आणि सोसायटी त्यांची माफी मागते. फोटो काढून टाकला. तोवर तो तीनशे लोकांनी पाहिला होता.

रविवारी हर्षद आणि मुकुंदराव निमाईंना भेटायला गेले. राजारहाटच्या आतल्या बाजूला एका नर्सरीत त्यांना काम मिळालं होतं. ते झेंडूची रोपं पिशव्यांत भरत होते. हर्षदने हात जोडले, नीट माफी मागितली आणि परत यायची विनंती केली.

"नाही बाबू," निमाई म्हणाले. ओरडले नाहीत. "तिथली झाडं बघायला येईन कधी. कामाला नाही. तुम्ही मला एकदा 'झालं काय' असं विचारलं असतं तर आलो असतो."

हर्षद बाजूला झाला. मुकुंदराव म्हणाले, "निमाई, माझं चुकलं."

"चुकलं," निमाई म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी एक उलटी बादली पायाने पुढे सरकवली. मुकुंदराव तिच्यावर बसले. निमाई पिशव्या भरत राहिले, मुकुंदराव पाहत राहिले. ऊन कलल्यावर ते उठले.

त्या रात्री आरतीचा फोन आला तेव्हा त्यांनी तिला सगळं सांगितलं. फाल्गुनापासून एवढं ते पहिल्यांदाच बोलत होते.

"बाबा, मग आता बरं वाटतंय का?"

"बरं असं नाही," ते म्हणाले. "तो माणूस गेला ना कामावरून. ते काही भरून येत नाही. आणि तुझ्या आईचं… तेही अजून तसंच आहे. हात लावला तर काही लागत नाही."

"चालेल," आरती म्हणाली. "तसंच सांगत जा मला."

हल्ली दुकानात कुणी मशीन घेऊन आलं की मुकुंदराव आधी त्याला बसवतात. पावसाळ्याआधी टाकी रिकामी करा, उरलेलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालू ठेवा, झाकणाचं रबर दर वर्षी बघा, लागेल तेवढंच ताजं पेट्रोल आणा. घाईतल्या गिऱ्हाइकालाही ते सोडत नाहीत. गल्लीतले लोक म्हणतात, कीर्तनेबाबू सावरले, किती बोलतात आता! मुकुंदराव ते ऐकतात आणि पुढचा कार्ब्युरेटर उघडतात.