मशीनखालचा चौकोन

बावन्नावं लागलं तरी त्यांना सगळे ‘धाकटे’च म्हणत. दुकान थोरल्या भावाचं, म्हणजे दादाचं. पाटी दादाची, पुढची खुर्ची दादाची, आणि मागच्या कोंदट खोलीत, स्पिरिटच्या वासात, लाकडाला पॉलिश करणारे धाकटे. रंग जुळवावा तर धाकट्यांनीच, असं गिऱ्हाईकं म्हणायची. कौतुकच ते, पण त्याच कौतुकाने सव्वीस वर्षं त्यांना त्या खोलीत डांबून ठेवलं होतं.

परगावच्या कारखान्याचं बोलावणं याआधी दोनदा आलं होतं. एकदा कपाट अर्धवट होतं, एकदा दारांची जोडी. दादा म्हणायचा, “हातातलं तेवढं उरक आणि जा. मी काय तुझे पाय बांधलेत?” हातातलं उरकेपर्यंत तिकडची जागा भरलेली असायची. या खेपेला मात्र सोमवारी हजर व्हायचं पक्कं झालं होतं. बायकोने ट्रंक भरली होती, आणि नवऱ्याचा भरवसा नको म्हणून वर कुलूप घालून किल्ली कमरेला लावली होती.

नेमकं त्याच आठवड्यात शिवणकामवाल्या बाईंचं टेबल आलं.

अठरा वर्षं ते खिडकीशी होतं. उन्हाने फळी फिकुटली होती, इस्त्रीचे पांढरे डाग पडले होते, आणि मधोमध, जिथे शिलाई मशीन असायचं, तिथे गडद चौकोन होता. धाकट्यांनी जुनं पॉलिश उतरवलं, फळी घासली आणि ओल्या फडक्याने पुसून पाहिली. पॉलिशनंतर रंग कसा दिसणार ते ओलं लाकूड आधीच सांगतं. चौकोन जागचा हलला नव्हता. मग भोवतीच्या फिक्या भागावर रंग मिसळलेल्या पॉलिशचे पातळ हात देत देत चार दिवसांत त्यांनी तो चौकोनाच्या बरोबरीला आणला. तोवर त्यांना त्या चौकोनाचा राग यायला लागला होता. जन्मभर मशीनखाली दडून राहिला, म्हणून रंग टिकला. त्यात कसली मर्दुमकी!

शनिवारी सकाळी टेबल दारात, उन्हात आणलं. बाईंनी फळीवरून हात फिरवला. “अगंबाई, हे माझंच का?”

दादा टेबलाभोवती एक चक्कर मारून आला. “झालं की रे. नेऊ दे त्यांना.” मग रस्त्याकडे बघत म्हणाला, “तू बिनघोर जा. पॉलिशला एक माणूस बघून ठेवलाय मी.”

सव्वीस वर्षांत दादा असं पहिल्यांदाच बोलत होता. आता अडवायला कोणी नव्हतं, आणि धाकट्यांना भीती वाटली. तिकडे आपल्याला कोण विचारतं? तिथे रंग नाही जुळला तर? ते उकिडवे बसले आणि फळीकडे तिरपं बघू लागले.

“चौकोनाची कड दिसतेय,” ते म्हणाले.

“कुठे? मला नाही दिसत,” बाई म्हणाल्या.

“मलाही नाही,” दादा म्हणाला.

“आहे. एक हात राहिलाय.”

कोणी काही बोलायच्या आत त्यांनी स्पिरिटचा बोळा फळीवर फिरवला. चार दिवसांचा रंग बोळ्यावर उतरला आणि चौकोन होता तसा वर आला.

“बुधवारपर्यंत देतो,” ते बाईंना म्हणाले. बाई नाराज होऊन निघून गेल्या.

दादाने त्यांच्या हातातला बोळा घेऊन उलटून पाहिला. “आणि मला वाटायचं, मी अडकवलंय तुला,” तो म्हणाला. “माझा जीव खायचं रे ते.” आणि जाऊन खुर्चीत बसला.

दुपारी बायको डबा घेऊन आली. तिने टेबल पाहिलं, बोळा पाहिला. डबा खाली ठेवला, कमरेची किल्ली काढली आणि त्या चौकोनावर ठेवली.

“भरली मी होती,” ती म्हणाली. “रिकामी तुम्ही करा.”