बुडावरच्या खुणा

फाउंड्रीच्या अंगणात भंगार साचतं, तसेच किस्सेही साचत जातात. भंगार निदान भट्टीत तरी जातं. किस्से आमच्याच डोक्यात पडून राहतात.

नेव्हीतून रिटायर होऊन मी कोल्हापुरात परतलो आणि उद्यमनगरात पितळ ओतणाऱ्या एका फाउंड्रीत चिकटलो. काम एकच. लिलावात आलेल्या, तोफगोळ्यांच्या पितळी पुंगळ्या तपासायच्या. बुडाच्या कॅपला ठोक्याचा खळगा असेल तर उडालेली. नसेल तर जिवंत, आणि भट्टीत गेली की भट्टीवाला धोंडिराम संपला! दिवसभर वाकून बुडंच बघायची. कंबर गेली, पण नजर टिकली.

एकदा गडमुडशिंगीची चार माणसं चकचकीत पुंगळी घेऊन आली. "पावणं, देवळात घंटा करायचीया. बुडाला मधोमध भोक पाडून द्या."

बघतो तर कॅप शाबूत! मी ओरडलो, "अहो, हिथंच तर दारू हाय!"

चौघांनी एकमेकांकडं पाहिलं. म्हातारा म्हणाला, "मग जरा कडंला पाडा की!"

खंडेनवमीला तर कहरच. कामगारांनी भक्तिभावानं प्रत्येक पुंगळीच्या बुडाला कुंकू थापलं. खळगा दिसायलाच तयार नाही! दुसऱ्या दिवशी मी चिंच घेऊन घासत बसलो. मालक खवळले, "देवाचं कुंकू पुसताय व्हय?"

"मालक, हे न्हाय पुसलं तर धोंडिरामच्या बायकोचं पुसलं जाईल!"

मालक दुसरी चिंच घेऊन घासायला बसले.

कळंब्याच्या एका गुरुजींकडं अशाच पुंगळीची फुलदाणी होती. "शत्रूच्या बोटीवर डागलेली," असं ते सगळ्यांना सांगायचे. मी बूड पाहिलं. सरावाची पुंगळी पुन्हा पुन्हा भरतात आणि दर खेपेला बुडावर एक बारीक खूण ठोकतात. हिच्यावर सहा होत्या. बूड कोरं असतं तर लढाईतली म्हणता आलं असतं. मी खरं ते बोललो आणि गुरुजींनी माझ्याशी बोलणं टाकलं.

सगळ्यांना लढाईच हवी! नको होती ती एकट्या धोंडिरामला. त्याचा पोरगा सदा नेव्हीत होता, तोफेवर. प्रत्येक पुंगळी भट्टीत टाकण्याआधी तो विचारायचा, "सरावाची न्हवं?" मी "व्हय" म्हटलं की पोरगं सुखरूप असल्यासारखा हसायचा. रोज तोच प्रश्न! कंटाळून शेवटी मी त्याला खुणा मोजायला शिकवलं. तरी विचारायचा काही थांबला नाही.

मग लढाई झाली, संपलीही. सदाचं पत्र काही येईना. धोंडिराम पोस्टमनची सायकल दिसली की भट्टी सोडून धावायचा. त्याच्याकडं बघवत नव्हतं.

पुढं बऱ्याच महिन्यांनी नवा लॉट आला. त्यातली एक पुंगळी मी उचलली. कॅपला खळगा होता. बूड मात्र साफ कोरं.

धोंडिराम चिमटा घेऊन समोरच उभा.

"नेव्हीवाले, सरावाची न्हवं?"

"सरावाचीच."

त्यानं ती हातात घेतली. बुडावरून अंगठा फिरवला. परत एकदा फिरवला.

"व्हय," तो म्हणाला, "चार खुणा हायत की!"

आणि पुंगळी भट्टीत सोडली.