आईच्या तोंडचा रिकामा फुगा

मंडळी, सकाळपासून एक चित्र डोक्यातून जात नाहीये.

माझी दहावीतली मुलगी सानू मांगा काढते, म्हणजे जपानी पद्धतीची चित्रकथा. तिच्या गोष्टीतली मुलगी मनात आणेल ते लढाईत खरं करते. नाश्त्याला मी विचारलं, "मग सरळ बॉम्बच का नाही आणत ती?"

"बाबा यार, बॉम्ब आतून कसा असतो ते तिला कुठे माहितीये? जेवढं नीट माहीत, तेवढंच बनतं. थोडं जरी चुकलं तरी शत्रू एका फटक्यात तोडतो."

मला बिल्कुल पटलं. मग तिनं शेवटचं पान दाखवलं. हरत आलेली मुलगी स्वतःच्या आईला समोर उभी करते. ती हुबेहूब सानूची आई होती, चष्मा तसाच डोक्यावर सरकवलेला. तोंडाशी संवादाचा फुगा, "खाना खा लिया?"

"अगं, आई 'जेवलीस का गं' म्हणायची," मी म्हणालो.

सानूची आई गेल्यापासून आमच्या गाझियाबादच्या घरात मराठी किती कमी झालीये, ते तेव्हा जाणवलं.

सानूनं फुग्यातलं खोडलं. "तिच्यासारखं बोलून दाखव ना."

मी म्हणून दाखवलं. माझाच आवाज आला. पुन्हा म्हटलं, पुन्हा माझाच.

"रहने दो, बाबा," ती हळूच म्हणाली. "अब तो टूट जाएगी."

पान अजून टेबलावरच आहे. आईचं तोंड उघडं, फुगा रिकामा.

तुमच्या गेलेल्या माणसाचा आवाज तुम्हाला अजून ऐकू येतो का? मला ती दिवसभर माझ्याच आवाजात हाक मारतेय.